व्हीएफडी चालू केला की वजनकाटा नाचतो. अर्थिंगचा दुसरा खड्डा खणूनही फरक नाही (कुपवाड)

हळदवाला_कुपवाड | सोमवार, रात्री ९:५०

मंडळी, नमस्कार. कुपवाड एमआयडीसीत हळद-मिरची दळून पाकिटं भरायचं आमचं छोटं युनिट आहे. गेल्या महिन्यात १५ एचपीच्या पल्व्हरायझरला (दळायच्या मशीनला) व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह बसवला. त्याआधी स्टार-डेल्टा स्टार्टर होता, मोटर सुरू करताना अख्ख्या गाळ्यातले दिवे मान टाकायचे. ते थांबलं. पण तेव्हापासून शेजारच्या पाकीट मशीनचा वजनकाटा वेड्यासारखा वागतोय. पल्व्हरायझर बंद असला की २०० ग्रॅमचं पाकीट १९९, २००, २०१. चालू केला की १८७, २१३, २०४, मनाला येईल तसं. पोरं आता सकाळी दळतात आणि दुपारी भरतात. म्हणजे रोज अर्धा दिवस एक मशीन नुसतं बसून.

पॅनेलवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, अर्थिंग वीक आहे, इलेक्ट्रॉनिक्सला वेगळा 'क्लीन अर्थ' द्या. म्हणून गाळ्याच्या मागच्या अंगाला नवा खड्डा खणला. मीठ, कोळसा, तांब्याची प्लेट, सगळं रीतसर. ११ हजार गेले. काट्याची अर्थची वायर जुन्या पट्टीवरून काढून तिकडे नेली. फरक शून्य. उलट परवा काट्याच्या बॉडीला हात लागला तर बोटाला चुणचुण झाली. आता तो म्हणतो लोड सेल (काट्यातला वजन मोजणारा सेन्सर) बदला. बदलू का?

वायरमन_मिरज | सोमवार, रात्री १०:१५

सेल बदलू नका अजून. खड्ड्यात पाणी घालताय का? आपल्याकडं काळी माती हाय, उन्हाळ्यात भेगा पडत्यात आन् प्लेट मातीतनं सुटती. रोज दोन बादल्या घाला, आठ दिसांनी बघा.

साताऱ्याचे_काका | सोमवार, रात्री १०:४०

पाणी जरूर घाला, पण त्यानं काटा सुधारणार नाही. ३१ वर्षं मेंटेनन्समध्ये काढली, त्यातली शेवटची बरीचशी व्हीएफडीच्या मागे धावण्यात गेली. आधी एक काम, उद्या सकाळी गाळा उघडल्या उघडल्या: नवा खड्डा आणि जुना खड्डा पट्टीनं एकमेकांना जोडा. चुणचुण त्याचीच आहे. कारण नंतर सांगतो, पण हे आधी करा.

मग एवढं सांगा. ड्राइव्हपासून मोटरपर्यंत वायर कोणती आणि कशी नेली आहे? मोटरची अर्थची वायर त्याच वाटेनं जाते की दुसऱ्या? लोड सेलच्या केबलची जाळी (तारांभोवतीचं धातूचं विणलेलं आवरण) नेमकी कुठे, कशाखाली, कशानं बांधली आहे? आणि ती केबल मोटरच्या वायरीच्या किती जवळून जाते?

हळदवाला_कुपवाड | मंगळवार, सकाळी ११:२०

काका, मोटरला ६ चौ. मिमीच्या तीन सुट्या वायरी, पांढऱ्या पीव्हीसी फ्लेक्सिबल पाइपातून. अंतर ९ मीटर. मोटरला अर्थ भिंतीवरच्या जीआय पट्टीवरून आहे, म्हणजे वेगळ्याच बाजूनं. लोड सेलची केबल त्याच ट्रेमधून येते, पोरांनी नीटनेटकं दिसावं म्हणून टायनं पाइपालाच बांधली आहे. साधारण ६ मीटर दोन्ही बरोबर आहेत. जाळी जंक्शन बॉक्समध्ये वळवून लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) मारून स्क्रूखाली घेतली आहे.

साताऱ्याचे_काका | मंगळवार, दुपारी १:०५

आता हिशेब बघा. ड्राइव्हच्या आत ४१५ व्होल्टचा एसी सरळ होऊन सुमारे ५८५ व्होल्टचा डीसी होतो. तो डीसी सेकंदाला काही हजार वेळा कापून मोटरला दिला जातो. एकेक काप ०.१ मायक्रोसेकंदाच्या आसपास उरकतो, हीच गोम आहे. मोटरची वायर आणि तिच्या आसपासचं लोखंड मिळून कुणी न बसवलेला एक कपॅसिटर तयार होतो. तो १ नॅनोफॅरॅडचा धरा. ५८५ व्होल्ट एवढ्या झटक्यात बदलले की त्यातून जवळपास ६ अँपिअर निसटतात. क्षणभरच, पण प्रत्येक कापाला.

हे ६ अँपिअर जातात कुठे? विचारा कुणालाही, म्हणतील जमिनीत. अहो, जमिनीला त्याचं काय करायचंय? ते ड्राइव्हमधून निघाले, ड्राइव्हलाच परत येणार. संध्याकाळी गुरं गोठ्याकडे येतात तशी. वाट ठेवली असेल तर वाटेनं, नाहीतर शेजाऱ्याच्या उसातून. तुमच्याकडे मोटरची वायर एका बाजूनं आणि अर्थ दुसऱ्या बाजूनं, म्हणजे वाट फिरून लांबची. मग करंट जवळचं जे काही सापडेल त्यातून येतो. तुमचा सापडलेला ऊस म्हणजे लोड सेलची केबल.

आणि खड्डा का चालला नाही तेही बघा. समजा खड्डा पॅनेलपासून १५ मीटर. सरळ वायरीला मीटरमागे ढोबळमानानं १ मायक्रोहेन्री इंडक्टन्स. ५० हर्ट्झला या १५ मीटरचा अडथळा ०.००५ ओहम, म्हणजे नाहीच. १ मेगाहर्ट्झला तोच ९४ ओहम. वायर जाड केली तरी फारसा उतरत नाही. खड्ड्याची प्लेट सोन्याची केली तरी नॉइजला, म्हणजे या झटक्यांच्या करंटला, तिचा पत्ता लागत नाही.

कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी ३:३०

काकांच्या मुद्द्याला जोड. ५ किलोचा, २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा सेल आणि ५ व्होल्ट सप्लाय असेल तर पूर्ण ५ किलोला १० मिलिव्होल्ट येतात. म्हणजे १ ग्रॅमला २ मायक्रोव्होल्ट. एवढ्या नाजूक वायरीला ५८५ व्होल्टचे झटके मारणाऱ्या वायरीशी टायनं बांधलंय. काटा फक्त १३ ग्रॅमच चुकतोय याचंच आश्चर्य.

पण आधी खात्री करा की हे इलेक्ट्रिकलच आहे. पल्व्हरायझरची थरथरही काट्यात जाते. पट्टा काढा आणि ड्राइव्ह १ हर्ट्झवर रन करा. मोटर जेमतेम हलेल. तरीही काटा नाचला तर थरथरीचा संशय मिटला.

हळदवाला_कुपवाड | बुधवार, रात्री ८:१०

केलं. ड्राइव्हला नुसती पॉवर देऊन ठेवली तर काटा शांत. रन दाबलं, १ हर्ट्झ, मोटरची पुली बोटभर सरकली न सरकली, काटा लगेच १९१, २०८. दोन्ही खड्डे कालच जोडले, चुणचुण गेली. काटा मात्र तसाच.

साताऱ्याचे_काका | बुधवार, रात्री ९:००

झकास. घरात जुना ट्रान्झिस्टर आहे का? सेलवर चालणारा, मीडियम वेव्हचा. स्टेशन नसलेल्या जागी रेडिओचा काटा लावा आणि गाळ्यात हिंडवा. ऑसिलोस्कोप परवडत नव्हता तेव्हा आम्ही हेच करायचो. आणि ड्राइव्हमध्ये कॅरियर फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला होणारे काप, किती आहे बघा. १० किंवा १२ असेल तर ४ किलोहर्ट्झ करून बघा. मोटर शिट्टी घातल्यासारखी गाईल, घाबरू नका.

हळदवाला_कुपवाड | गुरुवार, रात्री १०:३०

आईचा पूजेच्या वेळचा रेडिओ ढापला. काका, हा प्रकार भारी आहे! पॅनेलपाशी घर्र. मोटरच्या पाइपाजवळ एवढं घर्रर्र की आवाज कमी करावा लागला. पाइपापासून दोन हात लांब गेलं की निम्मं. पण खरी गंमत पुढे. पाकीट मशीनपाशी पुन्हा वाढलं, आणि सगळ्यात जास्त कुठे, तर लोड सेलच्या जंक्शन बॉक्सवर. तिथून मोटर चांगली चार मीटर लांब आहे.

कॅरियर १२ होती, ४ केली. आता ±१३ चं ±८ झालं. मोटर खरंच गाते. पोरं म्हणतात पंचम लागलाय.

साताऱ्याचे_काका | गुरुवार, रात्री १०:५५

कॅरियर कमी केली की सेकंदाला झटके कमी बसतात, झटक्याचा जोर तोच राहतो. म्हणून आराम पडला, आजार गेला नाही.

जंक्शन बॉक्स गुरगुरतोय ना? उद्या सगळी पॉवर बंद करून मीटर कंटिन्युइटीवर लावा. एक टोक जाळीवर, दुसरं मशीनच्या उघड्या लोखंडावर, म्हणजे एखाद्या बोल्टच्या चकाकणाऱ्या आट्यांवर. रंगावर नको.

हळदवाला_कुपवाड | शुक्रवार, सकाळी १०:४०

काही वाजत नाही. ओपन. स्क्रू घट्ट आहे, लग नीट आहे. तरी ओपन.

वायरमन_मिरज | शुक्रवार, सकाळी ११:००

स्क्रू खोला. पावडर कोटिंगवर बसलाय त्यो.

हळदवाला_कुपवाड | शुक्रवार, दुपारी १२:१५

दादा, अगदी बरोबर. लगखाली निळ्या रंगाचा अखंड थर, आणि आटे पाडलेली पट्टीसुद्धा रंगवलेली. इतके दिवस ती जाळी कशालाच लागलेली नव्हती. दुसऱ्या टोकाला, इंडिकेटरपाशी (वजनाचे आकडे दाखवणारा डबा), कापून टेप मारलाय. म्हणजे ६ मीटरची जाळी दोन्ही टोकांना अधांतरी!

कृष्णाकाठ | शुक्रवार, दुपारी २:००

मग ती जाळी संरक्षण कसलं करणार, अँटेनाच झाली की. आता इंडिकेटरच्या टोकाला एकाच जागी बांधा. पुस्तकातला नियम सरळ आहे: शील्ड, म्हणजे जाळी, एकाच टोकाला. दोन्हीकडे बांधलं की ग्राउंड लूप.

साताऱ्याचे_काका | शुक्रवार, रात्री ८:२०

नियम बरोबर, पण अर्धा. तो मापाच्या वायरीचा आहे, लोड सेल, थर्मोकपल, ४-२० मिलिअँपिअर यांचा. तिथे शत्रू ५० हर्ट्झचा हम, आणि दोन टोकांच्या अर्थमध्ये थोडासा व्होल्टेज फरक असला तरी जाळीतून करंट वाहतो. म्हणून एक टोक. लोड सेलच्या बाबतीत आणखी एक बघा: काही सेलमध्ये जाळी आतूनच बॉडीला जोडलेली असते. तसं असेल तर इंडिकेटरपाशी बांधली की नकळत दोन्ही टोकं झाली. मीटरनं तपासा आणि सेलसोबत आलेला कागद वाचा.

मोटरच्या वायरीची गोष्ट उलटी. तिथली जाळी म्हणजेच गुरांची वाट. ती दोन्ही टोकांना बांधायचीच, मोटरच्या बॉडीला आणि ड्राइव्हच्या पाठीमागच्या पत्र्याला. एक टोक सोडलं तर वाट अर्ध्यात तुटली. 'शील्ड एकच टोक' हे पाठ करून मोटर केबलचं टोक सोडलेले किमान डझनभर पॅनेल मी पाहिलेत, त्यातले दोन माझेच.

आणि बांधायची कशी? जाळी पिळून शेंडी करायची, तिला लग मारायचा, हे सगळीकडे दिसतं. १५ सेंटीमीटरची शेंडी म्हणजे ०.१५ मायक्रोहेन्री, १० मेगाहर्ट्झला जवळपास ९ ओहम. वरचं आवरण सोलून जाळी उघडी करा आणि पत्र्याच्या क्लॅम्पनं गोल, चहूबाजूंनी, रंग खरवडलेल्या प्लेटवर दाबून धरा. मोटरच्या बाजूला धातूची ग्लँड, आत जाळीला सगळीकडून चावणारी.

पॅनेलबिल्डर_पलूस | शुक्रवार, रात्री ९:१०

सगळं मान्य, पण आमच्या बाजूनं कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. कोटेशनमध्ये शील्डेड केबल, धातूच्या ग्लँड, गॅल्व्हनाइज्ड माउंटिंग प्लेट लिहिली की गिऱ्हाईक पहिली तीच ओळ खोडतं. 'वायर ती वायर, त्याला जाळी कशाला?' मग महिन्याभरानं फोन येतो.

हळदवाला_कुपवाड | शुक्रवार, रात्री ९:२५

खोटं कशाला बोलू. ती ओळ मीच खोडली होती. पण 'रंगावर लग' ही ओळ मी लिहिली नव्हती, एवढं मात्र म्हणतो.

वायरमन_मिरज | शुक्रवार, रात्री १०:००

काका, एक शंका हाय. क्लीन अर्थ येगळा ठेवायचा नाही म्हणताय, पण मी तर धा ठिकाणी कॉम्प्युटरला येगळा खड्डा मारलाय. कुणाचं काय झालं नाही आजवर.

साताऱ्याचे_काका | शुक्रवार, रात्री १०:३५

वेगळा खड्डा मारायला हरकत नाही, वेगळा *ठेवायला* आहे. काट्याच्या बॉडीला पल्व्हरायझरच्या वायरीचा एक फेज लागला असं धरा. करंट परत जायला वाट फक्त मातीतून. तुमचा खड्डा ४ ओहम, ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलचा १ ओहम. २४० भागिले ५, म्हणजे ४८ अँपिअर. फीडरला ६३ चा फ्यूज. तो उडणारच नाही, आणि काट्याची बॉडी जिवंत राहील. हळद भरणारं पोर तिला ओल्या हातानं शिवतं. साताऱ्याच्या वरच्या अंगाला मुरूम आणि खडक आहे, तिथे खड्डे २०-२५ ओहमच्या खाली यायला रडतात. तिथे तर फ्यूजला पत्ताही लागत नाही.

सगळे खड्डे एकाच अर्थ ग्रिडवर, आणि मोटरच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ, हा नियम आहे. नॉइजच्या नादात त्यातला एकही काढायचा नाही. शील्ड जोडलं म्हणून अर्थची वायर काढून टाकली असंही कुणी करू नका.

बोअरवेल_कोरेगाव | शनिवार, सकाळी ७:३०

मध्येच घुसतो, माफ करा. माझ्याकडे ७.५ एचपीचा व्हीएफडी, ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (अर्थकडे गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) दर दोन तासांनी पडतो. हाच प्रकार का?

कृष्णाकाठ | शनिवार, सकाळी ९:१५

चुलतभाऊ म्हणा. ड्राइव्हच्या आतल्या ईएमसी (नॉइज अडवणाऱ्या) फिल्टरचे कपॅसिटर आणि लांब मोटर केबल, दोन्हींतून थोडा करंट कायम अर्थकडे गळतो. बोअरची केबल खोल असली की गळती वाढते. पण आधी मेगर लावून मोटर आणि केबलचं इन्सुलेशन तपासा. पाण्यातली मोटर आहे, खरी गळतीही असू शकते. ते ठीक निघालं तर कॅरियर कमी करा, आणि व्हीएफडीसाठी चालणारा ईएलसीबी ड्राइव्हच्या मॅन्युअलप्रमाणे निवडा. पडतो म्हणून बायपास करू नका.

हळदवाला_कुपवाड | रविवार, रात्री ११:०५

आज सकाळी ८ ला शटर अर्धं खाली ओढून बसलो. मी, आमचा फिटर आणि वालचंद कॉलेजला इलेक्ट्रिकलला असलेला भाचा. एकेक बदल केला, दर वेळी पल्व्हरायझर लावून २० पाकिटांची वजनं वहीत लिहिली. (वही ठेवायचं भाच्यानं सुचवलं. मला आधी चेष्टा वाटली.)

आधी नुसते टाय कापले. लोड सेलची केबल ट्रेमधून काढून समोरच्या भिंतीवरून नेली, पाइपापासून हातभर लांब. जिथे ओलांडावं लागलं तिथे काटकोनात ओलांडली. ±८ चं ±५. खर्च शून्य!

मग जंक्शन बॉक्स. ग्राइंडर नको म्हणून पॉलिश पेपर घेतला. निळा रंग घासता घासता खालून पांढरा पत्रा उघडा पडला, वर दात्यांचा वॉशर, मग लग. सेल तपासला, जाळी आतून बॉडीला नाही. म्हणून काकांच्या म्हणण्याप्रमाणे जाळी बॉक्समध्ये सलग जोडून पुढे नेली आणि फक्त इंडिकेटरपाशी बांधली. बॉक्सची बॉडी मशीनला वेगळी जोडली. ±३.

शेवटी मोटरची केबल. शील्डेड चार कोअर सांगलीत मिळाली नाही, पुण्याहून मागवली, काल रात्री एसटीच्या पार्सलनं आली. अर्थची वायर त्याच केबलच्या आत. पॅनेलच्या प्लेटचा रंग खरवडून क्लॅम्प, मोटरला पितळी ग्लँड. जुनी भिंतीवरची अर्थ पट्टी आहे तशीच ठेवली. दुपारी साडेतीनला रन दाबलं. २००, २००, १९९, २०१, २००. भाच्यानं कॅरियर परत १२ करून बघितली, तरी २०१ च्या वर गेला नाही. मोटरचं गाणं आवडायला लागलं होतं, ते तेवढं बंद झालं.

पण एक राहिलं. दर सात-आठ पाकिटांमागे एकदा ६ ग्रॅमची उडी. पल्व्हरायझर बंद असतानासुद्धा.

वायरमन_मिरज | रविवार, रात्री ११:२०

सीलिंगच्या जबड्याचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह सुटताना होतंय का बघा. २४ व्होल्ट डीसी असंल तर कॉइलला डायोड हाय का?

हळदवाला_कुपवाड | सोमवार, रात्री ८:४५

दादा, तुम्हाला मिरजेहून दिसतं की काय? जबडा सुटला की उडी. जबडा रिकामा मारला तरी उडी. वजन घेण्याची वेळ आणि जबड्याची वेळ दर सात-आठ पाकिटांनी एकत्र यायची, म्हणून ती प्रत्येक पाकिटाला दिसत नव्हती. १एन४००७ डायोड आणला, कॉइलवर टाकला. उलटा टाकला. चालू केल्या केल्या २४ व्होल्टचा फ्यूज गेला. रेघेची बाजू प्लसकडे हे आता कॉइलवर मार्करनं लिहून ठेवलंय. सरळ टाकल्यावर उडी गेली.

आज दिवसभर दळण आणि पॅकिंग एकत्र चाललं.

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ९:०५

अभिनंदन. कॉन्टॅक्टरच्या कॉइल २३० एसी असतील तर त्यांना डायोड नाही चालत, आरसी स्नबर (रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) टाका. पॅनेल उघडलंच आहे तर करून घ्या.

पॅनेलबिल्डर_पलूस | सोमवार, रात्री ९:३०

त्या केबलचा मीटरचा भाव इथे टाका ना. पुढच्या गिऱ्हाइकाला हा धागाच दाखवतो.

हळदवाला_कुपवाड | सोमवार, रात्री ९:५०

बिल भाच्याकडे आहे, उद्या टाकतो. काका, त्या ११ हजारांच्या खड्ड्याचं काय करू? बायको म्हणते त्यात लिंबू लावा.

साताऱ्याचे_काका | सोमवार, रात्री १०:१०

लिंबू शेजारी लावा. खड्डा राहू द्या, जोडपट्टीचा बोल्ट दर सहा महिन्यांनी आवळा, आणि मिरजकर म्हणतात तसं उन्हाळ्यात दोन बादल्या घाला. नॉइजसाठी नव्हता तो, पण पाकीट भरणाऱ्या पोरांसाठी लागतोच.

वायरमन_मिरज | सोमवार, रात्री १०:१२

सांगितलं नव्हतं व्हय मी, पाणी घाला म्हणून.